सासऱ्यांच्या पेल्याची गोळी

हॉइट तसा मितभाषी, पण शिशाचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या आमच्या भागात रायफल घरोघरी आहे, पण दुकानातली काडतुसं वापरणं म्हणजे स्वतःच्या लग्नाला भाड्याचा नवरा उभा करणं, असं त्याचं मत. शेडमध्ये शिसं वितळवायचं, साच्यात ओतून अंगठ्याच्या पेराएवढ्या गोळ्या पाडायच्या, त्यांना मधमाश्यांचं मेण लावायचं, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू मापून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. त्याच्या आजोबांच्या त्या जाड नळीच्या रायफलीला म्हणे दुसरं काही पचतच नाही. शेजारी म्हणून हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन.

त्याच्या बायकोचा, वर्लीनचा, राग शेडवर नव्हता. तो होता एका फाटक्या कानाच्या रानडुकरावर. चर्चच्या उन्हाळी मेळाव्याला उकडलेल्या शेंगा वर्लीनच्याच असतात, तिच्या आईच्या काळापासून. आणि यंदा हे डुक्कर तिचा भुईमूग नांगरल्यासारखा उलथत सुटलं होतं.

"गोळी अशी कडक करतो की बघच," हॉइट म्हणाला. साच्यातून निघालेल्या तापल्या गोळ्या त्याने थेट पाण्याच्या बादलीत टाकल्या. त्याच्याकडच्या शिशात दुसऱ्या धातूंची मिसळ असते, त्यामुळे असं केलं की गोळी टणक होते. ती इतकी टणक झाली की न पसरता डुकराच्या पाठीतून आरपार गेली आणि डुक्कर पळत दलदलीत शिरलं. आम्ही दोघांनी दिवसभर गुडघाभर चिखल तुडवला, पण ते सापडलं नाही. त्या दिवशी हॉइट जेवला नाही. डुक्कर निसटल्याचं त्याला काही नव्हतं. जनावर जखमी करून सोडलं, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

थोड्या दिवसांनी भुईमूग पुन्हा उलथलेला दिसला.

"तुझा पाहुणा येऊन गेला," वर्लीन म्हणाली. "तब्येत छान आहे हो त्याची! तू गोळी मारलीस की इंजेक्शन?"

"आता एकदाच," हॉइट म्हणाला. "या वेळी जागच्या जागी पडलं नाही, तर रायफल कायमची भिंतीवर."

हे तो चेष्टेने बोलत नव्हता. वर्लीनही हसायची थांबली.

या वेळी गोळी आत जाऊन पसरावी म्हणून त्याने जुन्या नळांचं मऊ शिसं काढलं. पण नुसतं शुद्ध शिसं साच्यात नीट भरत नाही; गोळ्या मनुकांसारख्या सुरकुतल्या. "चिमूटभर कथील हवं होतं," तो कपाळाला हात लावून म्हणाला. भंगारवाल्यांकडे शोधलं, तिथेही नव्हतं.

वर्लीन घरात गेली आणि फळीवरचा कथलाचा पेला घेऊन आली. तिच्या दिवंगत वडिलांचा, टॅलमेज यांचा. ते त्यातून ताक प्यायचे. लग्नात त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हा पोरगा माझ्या मुलीला खायला काय घालणार? गोळ्या?"

"अगं, हा तुझ्या बाबांचा!"

"ठाऊक आहे मला. जन्मभर तुझ्या कामाला नावं ठेवली त्यांनी. आता जरा हातभार लावू देत."

हॉइटने पेल्याचा काठ कापून शिशात सोडला, आणि मग वर्लीनकडे बघून उरलेलाही. या वेळी बादली आणली नाही. गोळ्या जुन्या टॉवेलवर सावकाश निवू दिल्या. एकेक गोळी लख्ख निघाली.

संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो. डुक्कर आलं, आडवं उभं राहिलं, आणि हॉइटने चाप ओढला. डुक्कर पुढे पाऊलही न टाकता जागीच कोसळलं.

गोळी पलीकडच्या खांद्याच्या कातडीखाली सापडली, अळंबीसारखी उमललेली. हॉइटने ती धुऊन वर्लीनच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि फळीवर, पेल्याच्या रिकाम्या जागी ठेवली.

"बाबा परत आले," ती म्हणाली. "चपटे झालेत जरा. पण पहिल्यांदाच तुझ्या बाजूने गेले."

हॉइटने फळीकडे बघून टोपी काढली.