बघण्याच्या कार्यक्रमात मुखवटेवाला खुनी

मंडळी, आज दुपारी कुडाळहून एक कुटुंब मला बघायला आलं होतं. मुलाच्या आईने आवड विचारली. "भरतकाम सांग," असं बाबांनी बजावलं होतं, पण खोटं बोलवेना.

म्हटलं, "मुखवटा घातलेला खुनी एकेकाला गाठतो ना, तसले जुने भयपट."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

मुलाची आई मात्र पुढे सरकली. "माका पण आवडतत गो. सगळे मरतत, आणि शेवटाक एकटी पोरगी तेका पुरून उरता. तिच्यासाठीच मी बघतंय. आमचो झील डोळे मिटून बसता."

मुलगा लाजून म्हणाला, "आवाज ऐकतो मी."

मग आम्ही दोघी कितीतरी वेळ बोलत बसलो. संध्याकाळी दोन्हीकडून होकार झाला.

आता तुम्हीच सांगा, सिनेमा बघताना नवऱ्याला मधे बसवू की कडेला?