टाकीतली लांब फांदी

किस्से हे रिकाम्या डब्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण माळा भरतो. आमच्या परळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागात संशोधनाचे पेपर छापून आले दोन-चार, आणि किस्से मात्र... असो.

तेव्हा गिरण्यांचा संप मोडून बरीच वर्षं झाली होती. काळाचौकीजवळच्या एका बंद गिरणीची जमीन विकली जाणार होती. त्यात मोकळी राहणार होती एकच जागा, पुढची बाग किंवा मागची पाण्याची जुनी टाकी. एरवी कुणीही बागच निवडली असती. तिथे पक्षी, फुलपाखरं, सगळं देखणं. टाकीत गोगलगाई, थोडे मासे आणि भिंतीवर हिरवट खपली. पण आमचे विभागप्रमुख कर्णिक सर त्या खपलीवर जीव टाकत. तो गोड्या पाण्यातला स्पंज होता. सरांचं म्हणणं, नुसत्या जाती मोजू नका, उत्क्रांतीचं झाड काढा आणि फांद्यांची लांबी मोजा. बागेतले पक्षी म्हणजे एकाच फांदीवरच्या डहाळ्या. स्पंज मात्र पार बुंध्यापाशी फुटून एकटाच वाढलेला. "ती फांदी तुटली की परत नाही," एवढं म्हणून सर चहा मागवायचे.

*

टाकीतल्या माशांचे नातेवाईक झाडावर बसवायचे होते, म्हणून मी वरळी कोळीवाड्यात मासे विकणाऱ्या हिराबाईंकडे शिंगाळा मासा आणायला गेले. सरांनी बजावलं होतं, "मिशा आणि काटे शाबूत हवेत, ओळख त्यावरच पटते." मी होड्या बघत उभी राहिले, तेवढ्यात हिराबाईंनी काटे छाटले, पोट साफ केलं, तुकडे पाडले आणि वर मूठभर जवळा फुकट घातला.

"अहो मावशी, मला आख्खा हवा होता. पोटासकट."

त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं. "सासूनं काय शिकवला नाय तुला?"

पुढच्या खेपेला मी लांबून दिसताच त्या शेजारणीला म्हणाल्या, "हीच ती. शिंगाला काट्यासकट खाते."

*

टाकीसाठी लोकांच्या सह्या हव्या होत्या. सरांनी गिरणीसमोरच्या चाळीत सभा घेतली, पण झाड कुणाच्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी चाळीचंच उदाहरण घेतलं. "तुमच्याकडे राणे किती? मजलाभर. त्यातलं एक बिऱ्हाड गेलं तरी राणे उरतात. पण परेरा अंकल एकच. ते गेले तर चाळीतली अख्खी फांदी गेली."

लोकांना पटलं. जरा जास्तच पटलं. दुसऱ्या दिवसापासून अंकलना जिना चढताना हात मिळू लागला, राणेवहिनी पेज पाठवू लागल्या, पाण्याची बादली कुणी उचलू देईना. अंकल धडधाकट माणूस, रोज फोर्टात ऑफिसला जाणारा. आठवड्याभरात त्यांचा चेहरा उतरला. एक दिवस ते आमच्या विभागात आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सर, एकदम खरं सांगा. माझा रिपोर्ट कुणी बघितला?"

*

आमचे शिपाई सावंतकाका. संपाआधी ते गिरणीत सायझिंग खात्यात होते, सुताला खळ लावायच्या कामावर. गिरणी सुटली, पण पाळी सुटली नाही. पाच वाजले की मेन स्विच खाली. आमचा म्हातारा कॉम्प्युटर एक झाड शोधायला दोन-दोन दिवस घ्यायचा, आणि रोज संध्याकाळी काका त्याला बंद करायचे. सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी सर म्हणाले, "सावंत, ते मशीन चालू राहू द्या. रात्रभर काम करतं ते."

"एकट्यालाच डबल पाळी, सर?" काकांनी कॉम्प्युटरवर मायेनं फडकं टाकलं. "युनियन असती तर बोलली असती."

*

तेव्हा सर हसले, पण एकदा मात्र भडकले. टाकीतला गाळ भरलेली बरणी काकांनी घासूनपुसून लख्ख करून ठेवली होती. "या टाकीतली घाणसुद्धा मला विचारल्याशिवाय टाकायची नाही!" काकांना ते लागलं. त्यानंतर ते टेबलावरचा बिस्किटाचा चुरासुद्धा कागदात बांधून सरांपुढे धरायचे. "सर, हे ठेवायचं का?"

*

सह्या वर पाठवल्या, सोबत झाडाचा कागद पाठवला, आणि निर्णय घेणारे साहेब स्वतः टाकी बघायला येणार असं ठरलं. साहेब येणार म्हटल्यावर सगळीकडे होतं तेच झालं. चाळीतली मंडळी आणि सावंतकाका पहाटेपासूनच कामाला लागले होते. आम्ही पोचलो तेव्हा वाटेवर गेरू, कडेनं चुन्याच्या रेघा, दारात रांगोळी. टाकीच्या भिंती खराट्यानं घासून अशा लख्ख केल्या होत्या की सर कठड्यावर मटकन बसलेच. खपलीचा मागमूस नव्हता. ज्या फांदीसाठी सरांनी इतका आटापिटा केला, ती काकांनी दिवाळीच्या साफसफाईसारखी खरवडून काढली होती.

तेवढ्यात साहेब आले. साहेबांनी झाडाचा कागद उलटा धरला, पाण्यात डोकावले, नारळ घेतला आणि खूश झाले. "बंद गिरणीत इतकी स्वच्छ जागा? हीच राखू आपण. अट एकच, कायम अशीच दिसली पाहिजे."

टाळ्या पडल्या. साहेबांची गाडी कोपऱ्यावरून वळली तशी सर रडकुंडीला येऊन म्हणाले, "सावंत, अहो, ती खपली..."

"टाकली नाय, सर. तुमची ताकीद आहे ना." काकांनी भिंतीआडून बादली काढली. टाकीच्याच पाण्यात सगळी हिरवी खपली जपून भिजत घातलेली होती. काकांनी बाह्या सरसावल्या, भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पाणी जरा उतरू द्या. सायझिंगमध्ये हयात गेली माझी. अशी खळ लावतो, परत कोण सोडवतो ते बघू."