पन्हळीवरची पैज

माणसं ज्ञानासाठी संशोधन करतात म्हणे. करोत बापडी. मी बँकांचा इतिहास आणि जुगार हे दोन विषय धरले ते एका माणसाचं उट्टं काढायला. कॉलेजातले सहकारी हसायचे, "प्रोफेसर, अर्थशास्त्रात जुगार कुठून आणलात?" मी म्हणायचो, "शहापूरहून."

शहापुरात तेव्हा एक लहानशी बँक होती. माझे वडील तिथे कॅशियर. एका पावसाळ्यात तिजोरी रिकामी निघाली. चाव्या दोघांकडे होत्या, वडिलांकडे आणि चेअरमनकडे; पण चेअरमननं बोट दाखवलं वडिलांकडे. चोराच्या उलट्या बोंबा! पुरावा सापडला नाही, खटला झाला नाही, निकाल गावानंच दिला. आई विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून चालू लागायच्या. दोन वर्षांत वडील गेले. तिरडीला चौथा खांदा मिळेना, तो आसनगाव स्टेशनवरच्या एका हमालानं दिला. त्या दिवशी मी डूख धरला, आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

पुढे मुंबईत प्राध्यापक झालो. बँका का बुडतात हे शिकवताना शेवटच्या कारणाला माझा आवाज चढायचा: "ठेवीदाराच्या पैशावर पैज लावणारा माणूस बँकेत सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसलेला असतो!" पोरं परीक्षेत ते जसंच्या तसं लिहीत.

चेअरमनला जुगाराचा नाद होता ही कुजबूज मी लहानपणीच ऐकली होती; पैज कसली, हे मला मुरबाडला कळलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. बाजारात भात मोजणारा एक म्हातारा मापाडी भेटला; नाव सांगताच त्यानं मला ओळखलं. पूर्वी तिथे पावसावर जुगार चालायचा. एका दुकानाच्या पन्हळीखाली माणसं जमायची. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत पन्हळीतून सलग धार जमिनीला लागली, तर 'वाहिली' म्हणणारे जिंकले. नुसती टिपटिप झाली तर हरले. चेअरमन दर रविवारी यायचा.

"मोठा खेलायचा," मापाडी म्हणाला. "शेवटच्या टायमाला, ब्यांक बुडाली त्याच पावसाल्यात, तर समदाच लावला. टिपटिप झाली न् थांबली. तो वरडत होता, वाहिली, वाहिली! पण पंचानं सांगतला, नाय वाहिली."

"पंच कोण होता?"

"तुजा बापूस. दुसऱ्या कोनावर कोन इस्वास ठेवील? कदी खोटा बोलला नाय तो. दर रविवारी बसायचा, एक रुपाया न् चाय."

मी तिथेच भाताच्या पोत्यावर बसलो. दर रविवारी 'बँकेचं काम आहे' म्हणून घरातून निघणारे माझे वडील! पण दुसऱ्याच क्षणी मनात उकळी फुटली. साक्षीदार मिळाला होता, चेअरमन जिवंत होता आणि मला आणखी काय हवं होतं?

संधी त्यानंच दिली. शहापुरात नवी पतपेढी निघत होती, अध्यक्ष पुन्हा तोच, आणि उद्घाटनाला 'आपल्या मातीतला विद्वान' म्हणून मला बोलावणं. निर्लज्जपणाला काही सीमा? मी आईला म्हटलं, "ये ऐकायला. आज बाबांचं नाव धुऊन काढतो." तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. काय बोलणार आहे ते मी तिला सांगितलं नाही.

बोललो. त्याच्याच हातचा हार गळ्यात असताना बोललो. पन्हळ सांगितली, रविवार सांगितले, शेवटची पैज सांगितली. मापाड्याला उभं केलं. आणि पंच कोण होता तेही सांगितलं, कारण त्यावाचून गोष्टीला पुरावाच नव्हता. चेअरमन पांढराफटक पडला. मागून कोणी तरी ओरडलं, "आमचा पैसा पावसात घातलास रे!" तो मागच्या दारानं निघाला तेव्हा त्याच्या पायात एकच वहाण होती. माझ्या जिवाला इतकं गार आजवर कधी वाटलं नव्हतं.

आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या.

घरी आल्यावर तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुजा बापूस रविवारी कुठं जायचा ता मला ठाव होता."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं चोराची बायको म्हणवून घेतलंस?"

"चोर नव्हता ता मला ठाव होता, बास होता मला. पन साहेब पैसा कुठला लावतो ता त्याला कलत नव्हता काय रे? कॅशियर होता तो. रुपाया घेऊन बगत बसला. ता कोनाला कलू नये म्हनून मी गप होते. आज तू चेअरमनला मारलास, न् त्याच दगडानं बापसाला पन."

बँकांवर मी शेकडो तास बोललो असेन, पण हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. त्यानंतर आई माझ्याकडे मुंबईला राहायला आली नाही, मरेपर्यंत आली नाही. आणि खरं सांगू? तिची आठवण रोज येते, तरी चेअरमनचा तो पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आला की मला अजून बरं वाटतं.