बिनसाखरेचा चहा आणि खारी

मधुमेह निघाला त्या दिवसापासून माझ्या थोरल्या भावाने साखर सोडली. चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ते ऑपरेटर होते. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की पेढे वाटले जात. दादा हात मागे घेत.

"साधू झाला राव!" कोणीतरी ओरडे. "भावा, ह्याचा पेढा मला."

दादा हसत आणि फरसाणाचा द्रोण उचलत.

घरीही हाच नियम होता. चहा बिनसाखरेचा, सोबत बेकरीची खारी. शिफ्टवरून येताना गेटबाहेरच्या गाडीवरची भजी. त्या कढईतलं तेल काळं पडलेलं असे आणि संपत आलं की त्यातच नवं ओतलं जाई. मी बोललो तर म्हणत, "गोड हाय का ते? मग काय डॉक्टरासारखं बोलायलास?"

दर तपासणीत साखर आटोक्यात असे. रिपोर्टचा कागद ते वहिनींच्या हातात देत आणि त्या वाचेपर्यंत बाजूला उभे राहत.

मग एका सकाळच्या शिफ्टमध्ये छातीत कळ आली. पिंपरीच्या रुग्णालयात एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. डॉक्टरांनी खाणं विचारलं. दादांनी भजी, फरसाण, खारी सगळं सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, खारीचे पापुद्रे बहुधा वनस्पती तुपाने सुटतात. त्यातलं आणि वारंवार तापवलेल्या तेलातलं ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, चांगलं कमी करतं. मधुमेह्याच्या हृदयाला आधीच धोका जास्त, त्यात ही भर.

ट्रान्स फॅटवर आता सरकारी मर्यादा आहे. सुट्या खारीवर मात्र लेबल नसतं.

घरी आणल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. दादांच्या महाळुंग्याच्या खोलीचे घरमालक पहिले आले. पिशवी पुढे करत म्हणाले, "शुगर हाय म्हनून मुद्दाम खारी आनली. गोडाचा कनबी न्हाई."

कंपनीतले मित्रही खारीच घेऊन आले. आजाऱ्याकडे मोकळ्या हाताने जायचं नाही आणि मधुमेह्याला गोड न्यायचं नाही, एवढं प्रत्येकाने पाळलं. फडताळात पुडे साचले. मी ते टाकायला निघालो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लोकांनी मायेनं आणलंय, भावजी. टाकता काय?"

दादा कॉटवरून म्हणाले, "गोड सोडलं. आता हेबी सोडू? मग खाऊ काय?"

मी चणे, फुटाणे, शेंगदाणे म्हणालो. ते भिंतीकडे वळले. पुडे चहासोबत एकेक करून संपत गेले.

काही महिन्यांनी चालताना पुन्हा धाप लागू लागली. या वेळी तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते आणि पुढे त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की बायपास करता येणार नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. नोकरीचं विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

परतताना रिक्षा कंटेनरांच्या रांगेत अडकली. दादांनी विचारलं, "साखर तर बरोबर होती ना?"

"होती," मी म्हणालो.