वासूच्या सिनेमाला कोणी हसलं नाही

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या समस्त रसिकांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, आमच्या वासुदेवाचा अकरा मिनिटांचा विनोदी सिनेमा देवळाच्या मंडपात भर सकाळी, दीडशे माणसांच्या साक्षीने दाखवण्यात आला आणि त्यात एकही माणूस हसला नाही. खोकले दोघे. शिंकला एक. याची नोंद घ्यावी, कारण वासू आता नाही. पाच आठवड्यांपूर्वी सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात काकड्या निवडत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले." हातातली काकडी कुठे ठेवावी ते मला कळेना. ती घेऊनच बसमध्ये चढलो आणि पेडण्याला त्याच्या दारात उतरल्यावर पाहिलं, तर ती हातातच होती...

वासूची गणपतीची चित्रशाळा बापजाद्यांपासूनची. चवथीआधी तीन महिने त्याच्या घरात चालायला जागा नसायची. ओळीने गणपती आणि त्यांच्यावर ओली फडकी. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी बडबड करून मार खायचो, हा मास्तरांचं नाक मातीचं करून मार खायचा. पुढे मी गावोगावच्या कार्यक्रमांत माइक धरून लोकांना हसवू लागलो आणि तो मूर्ती घडवत राहिला. एकदा माझा कार्यक्रम ऐकून घरी जाताना तो म्हणाला, "जन्मभर माझ्या मातीफुडे लोकांनी माना खाली घातल्यो. एकदा तरी तिका बघून हसूंदेत."

त्यातून हा सिनेमा निघाला. चवथीनंतर उरलेल्या मातीची वीतभर उंचीची पाच माणसं: आजोबा, आजी, मुलगा, सून, नात. गोष्ट एवढीच की, चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधताना सगळं घर भांडतं. गणपती अजून घरात यायचाच असतो. रानातून आणलेली फळं दोरीने फळीला बांधायची, तर मुलाची एक गाठ टिकत नाही आणि नारळाची पेंड, अख्खा घोस, बरोबर झोपलेल्या आजोबांच्या पोटावर येते. बाहुलीचा हात कणभर हलवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, पुन्हा कणभर हलवायचा. आजोबांच्या एका जांभईला दोन दिवस लागले. माती सुकून आजीच्या गालाला चीर गेली तेव्हा मी हळहळलो, तर हा म्हणाला, "ऱ्हवांदे. वय दिसता." अशी त्याची चार वर्षं गेली.

मंडपातला तो दिवस मला विसरता येत नाही. वासू सवयीने आंघोळ करून, धोतर नेसून पडद्याशेजारी उभा राहिला, मूर्ती नेणाऱ्यांसमोर उभा राहायचा तसाच. लोकांनी चपला बाहेर काढल्या. पडद्यावर ती ओळखीची माती दिसली आणि पहिल्या रांगेतल्या जनाकाकीने, त्याच्या शेजारणीने, हात जोडले. मग तिच्यामागची रांग, मग तिच्यामागची. नारळ पडला तेव्हा कोणीतरी हळूच "देवा" म्हणालं. वासूने दाराशी वही ठेवली होती, अभिप्राय लिहायला. लोकांनी रांग लावून लिहिलं. "पाहून मन शांत झाले." "हाताला देवाचा गुण आहे." "सुनेने सासऱ्यांना उलट बोलायला नको होते." "दोरीला दुहेरी गाठ मारली असती तर नारळ पडला नसता." वासूने सगळी पानं वाचली आणि मला विचारलं, "तू कित्याक हसूक नाय?"

हात मीही जोडले होते.

भरपाई म्हणून मी डिचोलीला दुसरा खेळ ठेवला आणि आधी माइकवरून बजावलं, मंडळी, हा विनोदी सिनेमा आहे, मोकळेपणाने हसा. लोक आज्ञाधारक निघाले. पहिल्या फोटोपासून हसत सुटले. नात रडते तिथे तर जास्तच. वासूने मधेच यंत्र बंद केलं. परतताना म्हापशाच्या स्टँडवर चहा घेताना म्हणाला, "ह्या हसणां तुझां. माझां न्हय."

मग त्याचं पोट दुखायला लागलं आणि चार महिन्यांत माझा मित्र अर्धा झाला. मी दर आठवड्याला इस्पितळात जायचो, नवे किस्से घेऊन. शेवटच्या खेपेला त्याने किस्सा थांबवला, सुई टोचलेल्या हाताने मोबाइल पुढे केला आणि सिनेमा लावला. "नारळ पडता थंय तुका हसाक येता?"

"येतं की."

"मगे हस."

मी तोंड उघडलं. तीस वर्षं लोकांना हसवणारा माणूस मी... घशातून जो आवाज आला, तो ऐकून नर्स धावत आली. वासूने मोबाइल उशीखाली सारला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आजारी तो, आणि थोपटत होता मला. "ऱ्हवांदे," तो म्हणाला, "तू नट वायट."

बाराव्याला जेवणं झाल्यावर नातेवाईक म्हणाले, त्याच्या हातचं काम एकदा बघूया. वहिनींनी ओसरीवर मुलीचा लॅपटॉप लावला. पंचवीसेक माणसं खाली बसली, सगळी गप्प. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. पुन्हा ती शांतता ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. पडद्यावरचा मुलगा स्टुलावर चढला, गाठ सुटतेय हे बघत एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवू लागला, आणि माझ्या मागून नाकातून फुटल्यासारखा आवाज आला. वहिनी होत्या. पदर तोंडात कोंबून म्हणत होत्या, "हे अश्शेच... गाठ मारताना अश्शेच करीत." तेवढ्यात नारळ पडला. मुलगी हसली, दीर हसला आणि मग ओसरीवर कोणालाच धरबंद राहिला नाही. पडद्यावर आजोबा पोट धरून उठले तेव्हा माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही हसलो, उशिरा का होईना, कोणी न सांगता. आणि जनाकाकी दोन्ही हात पोटाशी धरून, हार घातलेल्या फोटोकडे वळून, भर बाराव्याला ओरडली, "अरे वासू, हसाचां होतां तर आदी सांगूक नको?"