मैमुनाने बांधलेलं वायरिंग

हातखंब्याला जैनुद्दीन होडेकरांचं दुकान कुठे असं विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. हसण्याचं कारण त्यांचा स्वभाव. सदुसष्टाव्या वर्षीही हे गृहस्थ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, आणि गिऱ्हाईक "जरा मोठा फ्यूज टाका ना" म्हणालं, की त्याला सरळ दुकानाबाहेर काढतात. फ्यूज उडतो म्हणजे तो आपलं काम चोख करतो, मग शिक्षा त्याला कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या सकाळी उन्मेष आपल्या वडिलांची, म्हणजे भास्कररावांची, जुनी फियाट घेऊन आला. जैनुद्दीननी फ्यूजचं झाकण उघडलं आणि पहिली शिवीच हासडली. कुणीतरी उडालेल्या फ्यूजवर सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला होता.

"ह्या कोणी केलान? गाडी जाळायची हाय काय तुला?"

"वाटेत एका मेकॅनिकने केलं, चाचा. महिन्यात बारा फ्यूज गेले. खड्डा आला की हॉर्न बंद, ब्रेकचे दिवे बंद. परवा निवळीच्या घाटात मागून ट्रक अंगावरच आला असता." उन्मेष खरंच घाबरलेला होता. "आज फॉल्ट सापडला तर ठीक. नाहीतर सगळं वायरिंगच काढून टाका. तयार मिळतं आता, मी मागवतो. हे जुनं भंगारात जाऊ दे."

जैनुद्दीननी वाकून वायरिंगवरच्या दोरीच्या गाठींवरून बोट फिरवलं. उन्मेषच्या ते ध्यानात आलं नाही.

एक्क्याण्णव साली भास्कररावांच्या आंब्याच्या बागेतल्या उंदरांनी या फियाटचं वायरिंग कुरतडून टाकलं होतं. तेव्हा दुकान नवं, हाताखाली कुणी नाही. वायरी मापाने कापून ते राजिवड्याला घरी घेऊन गेले आणि ओटीवर खडूने अख्ख्या गाडीचा आराखडा काढून त्यावर मांडल्या, टेप गुंडाळून त्यांची जुडी बांधायला. मैमुना, त्यांची बायको, लग्न होऊन चार वर्षं झालेली, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. तिच्या माहेरी सगळे मच्छीमार, जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "टेपीचा गोंद आपल्या उन्हात टिकायचा नाय," म्हणाली आणि जाळ्याची दोरी नि लाकडी सुई घेऊन बसली. आठ दुपारी तिने ते काम केलं. चार-चार बोटांवर एक गाठ, सगळ्या सारख्या. जैनुद्दीन रेडिओ लावून शेजारी बसायचे आणि कामापेक्षा तिच्याकडेच जास्त बघायचे. पुढे दहा वर्षं कितीतरी गाड्यांची वायरिंगं तिच्या हातून गेली. ते दिवस आठवले, की आजही त्यांना त्या ओटीवर जाऊन बसावंसं वाटतं.

मग मुंबईहून चांगली टेप येऊ लागली, प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, धंदा वाढला. एक दिवस ते तिला म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे. तुझ्या गाठींना लय वेळ लागतो." मैमुनाने सुई उचलून ठेवून दिली. भांडली नाही, रुसलीही नाही. फक्त अधूनमधून विचारायची, "भास्कररावांची गाडी अजून चालते काय हो?"

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. तिने बांधलेल्या बाकी गाड्या केव्हाच मोडीत निघाल्या होत्या. तिच्या हातचं काम उरलं होतं ते या एका फियाटमध्ये. ते आता उपटून भंगारात टाकायचं? आणि त्याहून मोठी धास्ती, फॉल्ट तिच्याच एखाद्या गाठीखाली निघाला तर? दोरीने वायर कापली गेली असेल तर?

त्यांनी फ्यूज काढला आणि त्याच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. हॉर्न, ब्रेकचे दिवे, डिकीतला दिवा, सगळं सोडवलं. आता बल्ब पेटायला कारणच उरलं नव्हतं. पेटला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकतेय, एवढाच त्याचा अर्थ.

"तू बल्बाकडे बघ. पेटला की वरड," त्यांनी उन्मेषला सांगितलं.

बॉनेटपासून त्यांनी सुरुवात केली. एकेक गाठ चिमटीत धरायची, हलवायची, पुढे सरकायचं. दोरी काळी पडली होती, पण गाठ एकही सुटलेली नव्हती. डॅशबोर्डखाली आडवे झाले, दाराकडेने सरकले, मागचं सीट काढलं.

"पेटला?"

"नाही, चाचा."

शेवटची गाठही तपासून झाली, तेव्हा ते सीटच्या चौकटीवर टेकले. तिचं काम निर्दोष होतं. आनंद झालाच, पण मग फॉल्ट कुठे? आता उरली होती डिकीच्या दिव्याकडे जाणारी एक हातभर वायर, तिच्यावर टेप गुंडाळलेली. त्यांनी ती हलवली.

"पेटला! पेटला!" उन्मेष केवढ्याने तरी ओरडला.

टेपीचा गोंद पाघळून चिकट झाला होता. आत पत्र्याच्या भोकाच्या धारेवर वायर सोलवटून तांबं उघडं पडलेलं. धारेपासून वायर वाचवणारं रबर भोकाला नव्हतं. पहाटे आंब्याच्या पेट्या भरताना उजेड हवा म्हणून भास्कररावांनी तो दिवा मागाहून बसवून घेतला होता, आणि बसवला होता खुद्द जैनुद्दीननी. मैमुनाला "ऱ्हाऊ दे" म्हटलं, त्याच आठवड्यात.

"झालं तर मग! लावा नवी टेप, दहा मिनिटांचं काम," उन्मेष खूश झाला.

"तेव्हा पण धा मिन्टांतच केलेला मी," जैनुद्दीन म्हणाले. "गाडी ऱ्हाऊ दे. उद्या ये."

त्यांनी नवी वायर मापाने कापली, भोकात रबर बसवलं, आणि वायर पिशवीत घालून भरदुपारी राजिवड्याला आले. मैमुना ओटीवर खुर्चीत बसली होती. पिशवी बघून म्हणाली, "बांगडे आणलेत?"

त्यांनी वायर तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. तुझ्या गाठी सगळ्या शाबूत आहेत, कुजली ती माझी टेप, हे त्यांनी दोनदा सांगितलं. "तेव्हा मी तुला नको म्हटला, ता चुकला माझा."

मैमुनाने डाव्या हाताने वायर चाचपून बघितली. झटक्यानंतर तिचे शब्द सावकाश येत. "चोवीस वर्षां लागली तुमाला ह्या सांगूक," ती म्हणाली. मग फळीवरचा डबा काढायला लावला. सुई आणि दोरी त्यातच होती.

ती सांगत गेली, ते ओवत गेले. पहिली गाठ बांधून त्यांनी तिच्यासमोर धरली. जन्मभर वायरी हाताळलेला माणूस, पण पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. मैमुनाने डाव्या अंगठ्याचं नख गाठीत घालून ओढून बघितलं.

"सैल हाय," ती म्हणाली. "सोडा. परत बांदा."