एंजलची तिसरी वीण

माझा मामा रंगीत माशांचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघरात मामी, आणि मधे जिथे जागा सापडेल तिथे गप्पी. हे गप्पी म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे. अंडी घालायच्या भानगडीत पडत नाहीत, थेट पिल्लंच देतात, आणि देऊन झाली की वळूनही बघत नाहीत. भूक लागली तर बघतात. तेव्हा पिल्लानं पळालेलं बरं. तरी टाकी भरतेच. मग पाणी बिघडतं, रोग येतो, निम्मे उलथतात आणि उरलेले नव्या जोमानं कामाला लागतात.

"टाकीला किती झेपतात ते टाकीच ठरवते," मामा म्हणतो.

"तुमच्या घरासारखंच झालं की हे," मामी म्हणते. मामा नऊ भावंडांतला सातवा. लहानपणी बाजारात हरवला, तर तो परत येईपर्यंत घरी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. हे तो अभिमानानं सांगतो.

असल्या बिनधास्त माणसाचा जीव अडकला होता एंजलच्या जोडीत. एंजल चपटे, लांब पंखांचे, तोऱ्यातले. पाटीच्या तुकड्यावर अंडी घालतात आणि दोघं पाळीपाळीनं पंखांनी वारा घालत राखण करतात. घाबरले की मात्र स्वतःच अंडी गिळून मोकळे! मामाच्या जोडीनं दोनदा घातली, दोनदा गिळली. "आता खाल्ली तर जोडी विकून टाकीन," मामानं जाहीर केलं. "आपल्या नशिबी गप्पीच." म्हणाला खरा, पण त्या दिवशी धड जेवला नाही.

तिसऱ्यांदा पाटीवर अंडी दिसली तेव्हा मी तिथेच होतो. मामा बॅटरी घेऊन काचेला नाक लावून बसला. "मोजतो फक्त." थोड्या वेळानं, "बुरशी बघतो फक्त." नर पाटीपुढे येरझारा घालायला लागला.

मामीनं बॅटरी काढून घेतली. "उठा."

"अगं, लक्ष नको ठेवायला?"

"मी एकुलती एक. आई झोपेतसुद्धा माझा श्वास चालू आहे का बघायची. मी दचकून उठले की म्हणायची, झोप गं, बघतेय फक्त. त्या माशांचं दुःख मला विचारा."

"तू अंडी नाही ना खाल्लीस?"

"नखं खाल्ली. उठा म्हणते ना!"

टाकीवर चादर पडली. मामी समोर खुर्ची टाकून विणकाम घेऊन बसली. पाठ माशांकडे, तोंड मामाकडे. आठवडाभर मामाची पार दैना. गिऱ्हाईक मासा मागायचं, हा खाद्याची पुडी द्यायचा.

"काय चाललंय आत?"

"चाललंय."

शेवटी एका सकाळी तिनंच चादरीचं टोक उचललं. एंजलच्या जोडीभोवती पिल्लांचा धुरकट ढग तरंगत होता. मामा हरखून पुढे झाला, तसा नर तीरासारखा आला आणि काचेवर ठपकन आपटला.

"बघितलंस? मला हाकललं त्यानं!"

"हाकलणारच. बाप आहे तो."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नीट दिसावं म्हणून मी जरा वाकलो, तर त्यानं माझा दंड धरून मागे ओढलं.

"लांब हो रे! घाबरतील ना ते."